सेक्शन ८चं व्हाउचर: आई-वडिलांसाठी अर्ज करणाऱ्यांना आणि घर भाड्याने देणाऱ्यांना

आई-वडिलांना ग्रीन कार्डवर अमेरिकेत बोलावून घेतलेल्या मराठी घरांत काही वर्षांनी एक विषय निघतोच. नातवंडं मोठी झालेली असतात, घर अपुरं पडू लागतं. वडिलांना आपली वेगळी खोली, आपला टीव्ही, आपल्या झोपेच्या वेळा हव्या असतात, आणि आईला आपलं स्वयंपाकघर. पण न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत एका बेडरूमचं भाडं त्यांच्या आवाक्यातलं नसतं. मग देवळात किंवा मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणतं, "सरकार भाडं भरतं की, सेक्शन ८ला नाव घाला." त्यापुढे काय करायचं हे मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मी हे प्रकरण दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून दिले आहेत, आणि आमच्या टू-फॅमिली घराचा वरचा मजला व्हाउचरवर, म्हणजे या सरकारी भाडे-मदतीवर राहणाऱ्या भाडेकरूंना दिला आहे. माझा अनुभव असा की फॉर्म लांबलचक असले तरी अवघड नाहीत. आपलं घोडं अडतं ते आपल्या घरच्या रीतींपाशी. मुलाच्याच घरात राहणं, दर महिन्याला आईच्या खात्यात काही टाकणं, थंडीत पाच-सहा महिने पुण्याला जाणं, गावच्या जमिनीवर नाव असणं, यांत आपल्याला सांगण्यासारखं काही वाटत नाही. या योजनेच्या नियमांत मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक कलम आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांत मी नेहमीच्या गोष्टी भराभर सांगितल्या आहेत आणि या जागांवर जास्त वेळ घालवला आहे.

१. आधी योजना नीट समजून घ्या

'सेक्शन ८' हे नाव १९३७च्या अमेरिकी गृहनिर्माण कायद्यातल्या आठव्या कलमावरून आलं. आज ज्याला आपण सेक्शन ८ म्हणतो ते कलम त्या कायद्यात १९७४ साली आलं, आणि व्हाउचरचं सध्याचं रूप १९९८च्या कायद्याने ठरलं. पैसा केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे एचयूडीचा. पण तुमचा संबंध एचयूडीशी जवळजवळ येत नाही. तो येतो स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीशी. देशभरात अशा दोन हजारांहून जास्त संस्था व्हाउचर चालवतात आणि सुमारे २३ लाख कुटुंबं त्यांवर राहतात. न्यू जर्सीत शहरांच्या ऑथॉरिटी आहेतच, शिवाय राज्याचं डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्स हेही व्हाउचर देतं.

व्यवहार तिघांत होतो. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात नेहमीसारखा भाडेकरार. घरमालक आणि ऑथॉरिटी यांच्यात दुसरा करार, ज्याला सगळे 'हॅप कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. आणि ऑथॉरिटी व भाडेकरू यांच्यात व्हाउचरच्या अटी. सरकारचा पैसा भाडेकरूच्या हाती येत नाही, थेट मालकाच्या खात्यात जातो.

दुसरी गोष्ट मनाशी पक्की करा: पात्र असणं म्हणजे मिळणं नव्हे. अन्नाच्या मदतीसारखा हा हक्क नाही. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, मंजूर करेल तेवढ्या पैशांत बसतील तेवढ्यांनाच व्हाउचर मिळतं. पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच सरकारी भाडे-मदत मिळते. त्यामुळे केवळ व्हाउचरच्या भरवशावर आई-वडिलांचे बेत आखू नका.

व्हाउचर माणसासोबत फिरतं. काही इमारतींमध्ये मात्र मदत इमारतीलाच जोडलेली असते, तिला 'प्रोजेक्ट-बेस्ड' म्हणतात. आणि ६२ वर्षांवरच्यांसाठी 'सेक्शन २०२' खाली बांधलेल्या खास इमारती आहेत. त्यांचे अर्ज त्या त्या इमारतीच्या ऑफिसात वेगळे करावे लागतात, त्यांच्या वेटिंग लिस्टही वेगळ्या. माझा सल्ला विचाराल तर वयस्कर जोडप्याने या इमारतींकडे आधी पाहावं. लिफ्ट असते, आजूबाजूला समवयस्क असतात, आणि घरमालक शोधत हिंडावं लागत नाही.

२. पात्रता तपासा: उत्पन्न आणि इमिग्रेशन

उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्के. पण दरवर्षी नव्याने घेतल्या जाणाऱ्या कुटुंबांपैकी ७५ टक्के कुटुंबं 'अत्यंत कमी उत्पन्ना'ची, म्हणजे ढोबळमानाने मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांखालची असावी लागतात. आकडे काउंटीनुसार आणि कुटुंबातल्या माणसांनुसार बदलतात. एचयूडी ते दरवर्षी जाहीर करतं.

कुटुंब म्हणजे कोण? व्हाउचरच्या घरात जे राहणार ते. आज आई-वडील तुमच्या घरी राहतात म्हणून तुमचा पगार त्यांच्या अर्जात धरला जात नाही, ते दोघं वेगळं कुटुंब म्हणून अर्ज करू शकतात. मात्र तुम्ही त्यांना नियमित जे देता ते धरलं जातं. त्याविषयी पुढे.

इमिग्रेशनचा भाग सरळ आहे: नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले आणि आणखी काही मोजक्या वर्गांतले लोक पात्र. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेले पात्र नाहीत. घरात काही पात्र, काही अपात्र असतील तर पात्र माणसांच्या प्रमाणात मदत देण्याची पद्धत चालत आली आहे. ती बदलण्याचे प्रयत्न अधूनमधून होतात, म्हणून अर्जाच्या वेळचा नियम ऑथॉरिटीला विचारा.

आणि 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील असं वाटणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम. व्हॉट्सअ‍ॅपवर यावर जितकं फिरतं तितकं दुसऱ्या कशावरच नाही. २०१९च्या नियमात सेक्शन ८चा लाभ ग्रीन कार्डाच्या विरोधात मोजला जाई, २०२२च्या नियमाने तो वगळला. सरकार बदललं की हे बदलू शकतं. ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे, किंवा ग्रीन कार्ड असून जे सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहून परततात, त्यांनी अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाची एक भेट घ्यावी. शेजारच्या काकांच्या वेळी काय झालं ते तुमच्या कामाचं नाही.

३. कागदपत्रं आधी जमवा, बोलावणं आल्यावर नाही

यादीत नंबर लागल्यावर कागद द्यायला मोजके दिवस मिळतात, आणि आपले अर्धे कागद भारतातल्या कपाटात असतात. हे जमवून ठेवा:

- प्रत्येकाचं सोशल सिक्युरिटी कार्ड
- ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट
- जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा
- लग्नाचं प्रमाणपत्र
- अमेरिकेतल्या आणि भारतातल्या सगळ्या बँक खात्यांची अलीकडची स्टेटमेंट
- पगाराच्या स्लिपा, सोशल सिक्युरिटीचं पत्र, भारतातल्या पेन्शनचे कागद
- मागच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न
- औषधं, डॉक्टर, विमा यांवरच्या खर्चाच्या पावत्या
- मागच्या आणि आताच्या राहत्या घराचा पत्ता, मालकाचं नाव

जुन्या पिढीत बऱ्याच जणांकडे जन्मदाखला नसतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो, तोही मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाराचं सही केलेलं निवेदन जोडा. बायकांच्या नावाचा घोळ तर ठरलेला. माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर, कधी कधी पहिलं नावही लग्नात बदललेलं. शाळेत कुसुम आणि ग्रीन कार्डावर सुनीता असेल तर दोन्ही एकच बाई आहे हे समोरच्याला आपोआप कळत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत हाच दुवा. ती नसेल तर भारतातून आताच मागवून घ्या.

४. वेटिंग लिस्ट: उघडते कधी, बंद कधी

बऱ्याच ऑथॉरिटींची यादी वर्षानुवर्षं बंद असते आणि मग काही दिवसांपुरती उघडते. न्यू यॉर्क शहराच्या ऑथॉरिटीने जून २०२४ मध्ये जवळजवळ १५ वर्षांनी यादी उघडली, तीही एका आठवड्यासाठी. सहा लाख तेहेतीस हजारांवर अर्ज आले आणि लॉटरीने २ लाख यादीत घेतले गेले. म्हणजे यादीत येण्यासाठीच लॉटरी, आणि त्यानंतर वाट पाहणं वेगळंच.

त्यामुळे एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. राहत्या गावाबाहेरच्या ऑथॉरिटींकडेही अर्ज करता येतो. फक्त तिथे राहत नसताना व्हाउचर मिळालं तर पहिले १२ महिने त्यांच्याच हद्दीत घर घ्यायची अट ते घालू शकतात. त्यानंतर व्हाउचर देशात कुठेही नेता येतं, जिथे ही योजना चालवणारी ऑथॉरिटी आहे तिथे.

लॉटरी असलेल्या ठिकाणी पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय आणि शेवटच्या दिवशी केला काय, सारखंच. मध्यरात्री जागत बसू नका. पण प्राधान्याचे रकाने नीट भरा. वय, अपंगत्व, स्थानिक रहिवासी, माजी सैनिक, बेघर अशी प्राधान्यं प्रत्येक ऑथॉरिटी आपापली ठरवते, आणि खूण केली नाही तर तुमच्या वतीने कुणी करत नाही.

दोन सापळे इथेच आहेत.

पहिला: अर्जाला पैसे लागत नाहीत. कधीच नाही. 'यादीत नंबर वर आणून देतो' म्हणणारा, अर्जाचे शुल्क मागणारी वेबसाइट, सगळी फसवणूक. ऑथॉरिटीचा पत्ता एचयूडीच्या साइटवरच्या यादीतून घ्या.

दुसरा: पत्ता बदलला आणि कळवलं नाही. वर्षांनंतर एक पत्र जुन्या पत्त्यावर जातं, उत्तर येत नाही, नाव कमी होतं. आई-वडील कधी एका मुलाकडे, कधी दुसऱ्याकडे असतील तर जो घर बदलणार नाही अशाचा पत्ता द्या. पत्ता बदलल्याचं कळवलं की त्याची पोच जपून ठेवा. आणि टपाल उघडायला कुणीतरी हवं. सगळेच भारतात गेले असतील तर ते काम शेजाऱ्यावर सोपवून जा.

५. मुलाखत: भारतातलं सगळं सांगा

नंबर लागला की ऑथॉरिटी सविस्तर माहिती मागते आणि सरकारी संगणकांतून ती पडताळण्याच्या संमतीवर सह्या घेते. अमेरिकेतला पगार आणि सोशल सिक्युरिटी त्यांना तिथूनच दिसतं. भारतातलं त्यांना आपोआप दिसत नाही, आणि नेमका इथेच मोह होतो. सांगितलंच नाही तर कुणाला कळणार? पण सह्या 'सगळं सांगितलं आहे' या शपथेखाली असतात. नंतर उघड झालं तर मिळालेली मदत परत करावी लागते, व्हाउचर जातं, आणि फसवणुकीचा खटलाही होऊ शकतो. ग्रीन कार्डधारकाला तो धोका कुणीच घेऊ नये.

उत्पन्नात येतं: राज्य सरकारची किंवा बँकेची पेन्शन, एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, शेतीतला वाटा. इथलंही तसंच. मावशींनी शेजारच्या मुलांना सांभाळून घेतलेले रोख पैसे, घरून चालवलेले डबे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, सगळं स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न. मुलगा दर महिन्याला ठरावीक रक्कम देत असेल तर तीही उत्पन्न. वाढदिवसाला दिलेली एखादी भेट वेगळी, ती नियमित नाही.

मालमत्तेचा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे. २०१६च्या एका कायद्याने, ज्याला सगळे 'हॉटमा' म्हणतात, एकूण मालमत्तेवर सुमारे १ लाख डॉलरची मर्यादा आणली. ती महागाईनुसार थोडी वाढत जाते. तिची अंमलबजावणी पुढे ढकलली जात आली आहे, म्हणून तुमच्या ऑथॉरिटीत ती लागू आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा. पुण्या-ठाण्यातला साधा टू-बीएचके या रेषेपाशी सहज पोचतो. त्याच कायद्यात आणखी एक नियम आहे: राहण्याजोगं घर मालकीचं असेल, त्यात राहण्याचा आणि ते विकण्याचा हक्क असेल, तर मदत नाकारता येते. त्याला अपवाद आहेत, आणि घर गैरसोयीचं ठरेल इतक्या अंतरावर असणं हा त्यांतला एक. पण ते घर या अपवादात बसतं की नाही हे ठरवणार ऑथॉरिटी, तुम्ही नाही.

गावच्या जमिनीचं काय? सातबाऱ्यावर वडिलांसह चार भावंडांची नावं, वाटणी झालेली नाही, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हे ऑथॉरिटीला सांगा, कारण नियमात 'विकण्याचा प्रत्यक्ष कायदेशीर अधिकार आहे का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सातबारा, फेरफार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स २, जे असेल त्याची प्रत आणि इंग्रजीत एक पानाचं स्पष्टीकरण द्या. समोरच्या अधिकाऱ्याने सातबारा आयुष्यात पाहिलेला नसतो. नीट समजावून दिलेला कागद त्याला हवाच असतो.

आणि घाईघाईने बक्षीसपत्र करू नका. मागच्या दोन वर्षांत बाजारभावाहून कमी किमतीत दिलेली मालमत्ता मोजताना धरली जाते. अर्ज करायचा म्हणून फ्लॅट मुलाच्या नावावर केला तर फ्लॅटही हातचा जातो आणि हिशोबातूनही सुटत नाही.

६. भाड्याचा हिशोब कसा होतो

भाडेकरूचा वाटा साधारणपणे वजावटींनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्के. वयस्कर कुटुंबांना एक ठरावीक वजावट मिळते, आणि औषधपाण्याचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेला तर तोही वजा होतो. म्हणून पावत्या जपायच्या.

दुसऱ्या बाजूला 'पेमेंट स्टँडर्ड', म्हणजे मदत मोजताना धरायची भाड्याची वरची मर्यादा. एचयूडी दरवर्षी भागाभागाचं 'फेअर मार्केट रेंट' काढतं आणि ऑथॉरिटी साधारण त्याच्या ९० ते ११० टक्क्यांत आपला आकडा ठरवते. घराचं भाडं आणि भाडेकरूने भरायच्या वीज-गॅसचा ठरावीक अंदाज, असं मिळून 'एकूण भाडं' धरतात.

समजा वजावटींनंतरचं मासिक उत्पन्न १,२०० डॉलर. ३० टक्के म्हणजे ३६०. पेमेंट स्टँडर्ड १,८०० (हे आकडे फक्त समजण्यासाठी).

पहिलं घर: भाडं १,६५०, वीज-गॅस १२०, एकूण १,७७०. हे १,८००च्या आत आहे. ऑथॉरिटी १,७७० वजा ३६०, म्हणजे १,४१० देणार. भाडेकरू मालकाला २४० देणार आणि बिलं स्वतः भरणार.

दुसरं घर: भाडं १,८५०, वीज-गॅस १२०, एकूण १,९७०. ऑथॉरिटीचा वाटा १,८०० वजा ३६०, म्हणजे १,४४०, त्याहून जास्त नाही. उरले ५३०. पण स्टँडर्डच्या वरचं घर पहिल्यांदा घेताना भाडेकरूचा वाटा ४० टक्क्यांवर, म्हणजे इथे ४८०वर जाता कामा नये. म्हणून हे घर मंजूर होणार नाही, मुलगा वरचे पैसे भरायला तयार असला तरी. घर पाहायला जायच्या आधी हे गणित करून आपली वरची मर्यादा खिशात ठेवा. या उदाहरणात ती एकूण १,९२०, म्हणजे बिलं वगळून भाडं १,८००.

डिपॉझिट या हिशोबात येत नाही, ते भाडेकरूने भरायचं. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही.

७. व्हाउचर हातात आलं, आता घड्याळ सुरू

व्हाउचरला किमान ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात घर शोधून, घरमालकाकडून 'टेनन्सी अप्रूव्हलची विनंती' हा फॉर्म, म्हणजे एचयूडी-५२५१७, भरून ऑथॉरिटीला द्यायचा. मुदतवाढ मिळू शकते, ती संपण्याआधी लेखी मागा. कुठे कुठे घरं पाहिली याची नोंद सोबत जोडली तर बरं पडतं. इथेच पुष्कळ व्हाउचरं वाया जातात. इतकी वर्षं थांबून मिळालेलं व्हाउचर घर न मिळाल्याने परत जातं.

न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात कायदेशीर उत्पन्नाच्या स्रोतावरून भाडेकरू नाकारता येत नाही, आणि त्यात व्हाउचर येतं. 'सेक्शन ८ नको' अशी जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट घ्या आणि राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करा. केंद्राच्या कायद्यात असं सरसकट संरक्षण नाही, त्यामुळे दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथलं आधी बघा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मुलाच्या घराचा वरचा मजला आई-वडिलांना व्हाउचरवर देता येईल का? नाही. घरमालक हा भाडेकरू कुटुंबातल्या कुणाचाही आई-वडील, मुलगा-मुलगी, आजी-आजोबा, नातवंड, भाऊ किंवा बहीण असता कामा नये. अपंगत्व असलेल्या माणसाची खास गरज भागवायची असेल तरच ऑथॉरिटी अपवाद करू शकते, तोही आधी मागून. लगेच पुढचा प्रश्न येतो: घर जावयाच्या नावावर आहे, मग? यादीत जावई नाही, पण कागदावर मुलीचंही नाव असेल तर ती आहे. भाचा, पुतण्या, चुलतभाऊ यादीत नाहीत. तरीही अशा घराचा विचार असेल तर नातं लपवू नका, ऑथॉरिटीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्या. घर एलएलसीच्या नावावर करून वाट काढण्याची शक्कल मी ऐकली आहे. तिच्या नादी लागू नका.

८. घरमालकांसाठी

आपल्यातले बरेच जण गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेतात आणि सेक्शन ८ म्हटलं की नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. भाड्याचा मोठा हिस्सा दर महिन्याला ऑथॉरिटीकडून थेट खात्यात येतो, आणि व्हाउचर गमवायची भीती असल्याने बहुतेक भाडेकरू जपून राहतात. त्रास होतो तो सुरुवातीला.

कागद: मालकीची डीड, डब्ल्यू-९ हा टॅक्सचा फॉर्म, बँकेचा तपशील, गावाची भाड्याची नोंदणी, आणि १९७८पूर्वीचं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दलचं निवेदन. तुमच्या नेहमीच्या करारासोबत एचयूडीचं 'टेनन्सी अ‍ॅडेंडम', म्हणजे भाडेकराराची पुरवणी, जोडावंच लागतं. दोन्हींत विरोध आला तर अ‍ॅडेंडम चालतं.

भाडं वाजवी आहे का हे ऑथॉरिटी आजूबाजूच्या बिनव्हाउचरच्या घरांशी ताडून पाहते. पेमेंट स्टँडर्ड १,८०० आहे म्हणून १,४००चं घर १,८००ला देता येत नाही. मग इन्स्पेक्शन. ते पास होईपर्यंत आणि करारावर सह्या होईपर्यंत सरकारी पैसा सुरू होत नाही. म्हणून भाडेकरूला आधीच किल्ली देऊ नका. पहिला हप्ता यायलाही वेळ लागतो, तेवढं घराच्या कर्जाच्या हप्त्याचं नियोजन करा.

इन्स्पेक्शनमध्ये अडकवणाऱ्या गोष्टी बारीकच असतात: न वाजणारा स्मोक डिटेक्टर, जिन्याला नसलेला कठडा, सोलवटलेला रंग, न उघडणारी किंवा न लागणारी खिडकी, गळका नळ, बंद पडलेला शेगडीचा एखादा बर्नर. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी स्वतः फिरून पाहा. बेसमेंटमधली खोली बेडरूम म्हणून दाखवू नका. त्यात बाहेर पडायला योग्य खिडकी नसेल तर तिथेच अडेल, आणि गावाच्या बिल्डिंग खात्याकडेही प्रकरण जाईल. पुढे भाडेकरू राहत असताना जिवाला धोका असलेला दोष निघाला तर २४ तासांत आणि इतर दोष ३० दिवसांत दुरुस्त करावे लागतात. मालकाच्या बाजूचा दोष वेळेत दुरुस्त झाला नाही तर ऑथॉरिटी भाडं थांबवते.

भाडेकरू कसा आहे हे पारखणं तुमचं काम, ऑथॉरिटी ते करत नाही. मागितला तर आताचा आणि आधीचा पत्ता व तिथल्या मालकाची माहिती ती देते. आधीच्या मालकाला फोन करा. पण सगळ्यांना जे निकष तेच इथेही लावा, आणि 'भाड्याच्या तिप्पट उत्पन्न' ही अट पूर्ण भाड्यावर लावू नका. न्यू जर्सीत ती भाडेकरूच्या वाट्यापुरतीच बघायची.

वरकड रोख घेऊ नका. करारात लिहिलेल्या भाड्यापलीकडे 'महिन्याला शंभर वेगळे' ही पद्धत इथे सरळ फसवणूक ठरते, आणि भाडेकरूने खुशीने दिले तरी ठरते. ऑथॉरिटीचा हप्ता उशिरा आला म्हणून भाडेकरूकडे तो मागता येत नाही, त्याला घराबाहेर काढता येत नाही. त्याचा स्वतःचा वाटा थकला तर मात्र नेहमीच्या कायद्याने जाता येतं, नोटिशीची प्रत ऑथॉरिटीला देऊन. भाडं वाढवायचं तर पहिला करार संपल्यानंतर, आणि ऑथॉरिटीला किमान ६० दिवस आधी कळवून.

९. राहायला गेल्यावर

दरवर्षी उत्पन्नाची फेरतपासणी होते. मध्ये उत्पन्न बदललं, घरात माणूस वाढलं किंवा कमी झालं तर कळवायचं. किती दिवसांत, ते तुमच्या ऑथॉरिटीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. भारतातून बहीण आली आणि चार महिने राहिली तर ती पाहुणी की घरातली? पाहुण्यांची मुदत प्रत्येक ऑथॉरिटीच्या नियमात असते. ती आधी वाचा, मग तिकीट काढा.

आणि भारतवारी. सलग १८० दिवसांहून जास्त काळ घर सोडून राहता येत नाही, कारण कितीही खरं असलं तरी. आजारपण, कोर्टाची तारीख, घरातलं लग्न, काहीही. ऑथॉरिटी याहूनही कमी दिवसांची मर्यादा घालू शकते आणि बऱ्याच घालतात. परतीचं तिकीट १७५व्या दिवसाचं काढणं म्हणजे विमान चुकलं की व्हाउचर गेलं. जाण्याआधी ऑथॉरिटीला लेखी कळवा, भाड्याचा आपला वाटा ऑटो-पेवर ठेवा, आणि फेरतपासणीचं पत्र त्या काळात येणार असेल तर तारीख आधीच बदलून घ्या.

१०. नकार आला तर

अर्ज फेटाळला तर 'इन्फॉर्मल रिव्ह्यू', चालू व्हाउचर बंद करत असतील तर 'इन्फॉर्मल हियरिंग' मागता येतं. मागणी लेखी, आणि पत्रात दिलेल्या तारखेच्या आत. ती तारीख गेली की बाजू कितीही खरी असली तरी ऐकून घेणारं कुणी राहत नाही. सुनावणीआधी तुमच्या फायलीतले कागद पाहायला मागा. लीगल सर्व्हिसेसच्या कार्यालयांत अशा प्रकरणांत विनामूल्य वकील मिळू शकतो, त्यांना पत्र आल्याच दिवशी फोन करा. आई-वडिलांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा लेखी मागा, नाही मिळाला तर घरचं माणूस सोबत न्या. पत्र उशिरा पोचलं असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा.